साडूंचे ओरिजनल पाटे

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गाडी समोरून पाहिलेली नाही. ते गाडी खालून पाहतात. गाडी नवी असो, जुनी असो, भाजीवाल्याची असो की कलेक्टरची असो, ते आधी उकिडवे बसतात, मग एक हात जमिनीवर टेकून मान तिरकी करतात आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ उताणे होऊन आत सरकतात. माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती मुळी त्यांच्या पायांशी. नवरदेव म्हणून मी फुलांनी मढवलेल्या गाडीतून मांडवाच्या दारी उतरायला गेलो, तर दाराखाली दोन पाय. पायांत नवे कोरे बूट, वर कडक इस्त्रीची विजार. मला वाटलं, आपल्या लग्नात पहिल्याच पावलाला माणूस चिरडला. मी घामाघूम. तेवढ्यात मुलीकडचं कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "घाबरू नका, ते आमचे थोरले जावई आहेत." गाडीखालून आवाज आला, "मागचा उजवा पाटा ओरिजनल नाही. गाडीवाल्यानं गंडवलंय तुम्हाला." मग ते बाहेर आले, कपडे झटकले आणि मला कडकडून मिठी मारली. लग्नाच्या फोटोत माझ्या सुटाच्या पाठीवर जो काळा पंजा दिसतो, तो त्यांचा.

साडू हे नातं तसं बिनबुडाचं. ना रक्ताचं, ना निवडीचं. एकाच घरच्या दोन मुली केल्या एवढ्याच भांडवलावर दोन पुरुषांनी जन्मभर एकमेकांना सोसायचं. बायको त्यांना भाओजी म्हणते म्हणून मीही भाओजीच म्हणतो. झाशीतले मिस्त्री त्यांना तोंडावर 'साहब' म्हणतात आणि पाठीमागे 'कमानीवाले दद्दा'. कमानी म्हणजे आपले पाटे. जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकांपाशी पोलादी पट्ट्यांची एक चळत असते, वर सगळ्यांत लांब पट्टी आणि खाली एकापेक्षा एक आखूड, सगळ्या धनुष्यासारख्या वाकवलेल्या. मागचा सगळा भार त्या चळतीवर. भाओजींची उभी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात ह्याच पाट्यांवर गेली. मालडब्यांचे पाटे तापवायचे, वाकवायचे, तेलात बुडवायचे, वजनाखाली दाबून पाहायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जायला लागतात. भाओजी लोकांच्या गाड्यांखाली जायला मोकळे झाले.

त्यांच्या ह्या विद्येचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. एकदा मला मुतखड्याची कळ आली आणि अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. मी स्ट्रेचरवर आडवा, गुडघे पोटाशी, तोंडात देवाचं नाव. भाओजी शेजारी माझा हात धरून, डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, माझ्यासाठी प्रार्थना करताहेत. एक खड्डा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला त्यांनी डोळे उघडले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, ज़रा साइड में लेना. पीछे बाईं कमानी का क्लिप खुला है." क्लिप खरोखरच उघडला होता. तो तारेनं बांधून होईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला विव्हळत पडलो होतो आणि ड्रायव्हर मला कौतुकानं विचारत होता, "आपके भाईसाहब इंजीनियर हैं क्या?" दवाखान्यात कळलं, की खडा आपोआप खाली सरकलाय. आधीच्या तीन हिसक्यांनी तो हलला, असं भाओजी आजही चारचौघांत सांगतात, आणि बरं झाल्यावर मी त्या अॅम्ब्युलन्सचे आभार मानायला गेलो नाही याचं त्यांना वाईट वाटतं.

'ओरिजनल' हा त्यांचा जीव की प्राण. त्यांची बायको ही माझी अक्कडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण. हा जुना शब्द आमच्याकडे अजून चालतो, पण हाक मारताना मी तिला ताईच म्हणतो. ताईनं एकदा कुकरला दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची रिंग आणली, तर भाओजी कितीतरी दिवस वरणभात असा जेवत होते की जणू परक्याच्या घरी बसलेत. "भात शिजलाय," ते म्हणायचे, "पण कुकरचा नाही वाटत." ताई अशा वेळी पुढची पोळी वाढते.

आणि ह्या सगळ्या ओरिजनलपणाचा कळस म्हणजे आमच्या सासऱ्यांची गाडी. सासरे रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर होते. एक अँग्लो-इंडियन फोरमन देश सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती विलायती गाडी घेतली. गोल पाठीची, दुधी रंगाची, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. सासरे गेल्यावर गाडी थोरल्या जावयाकडे आली आणि झाशीच्या नगरा भागातल्या त्यांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. भाओजींनी ती सुटी सुटी करून पुन्हा पहिल्यासारखी जोडायला घेतली. हे काम इतकी वर्षं चाललं, की शेडमधल्या गाडीपेक्षा घरातली गाडी मोठी झाली. दिवाणाखाली गिअरबॉक्स, पिठाच्या डब्यामागे कार्बोरेटर, आणि देव्हाऱ्याशेजारी दोन हेडलाइट. नवखे पाहुणे देवाला नमस्कार करून झाला की तिकडेही हात जोडायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी गुड्डी त्या बिनचाकांच्या गाडीत बसून अभ्यास करतच मोठी झाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र ती अर्ध्या वाटेत हिंदीत उतरते. तिचं लग्न ठरवताना भाओजी मला घेऊन भोपाळला मुलाचं घर बघायला गेले. चहा आला, पोहे आले, मुलाचा पगार आला, आणि भाओजी कुठं दिसेनात. मी बाहेर जाऊन पाहतो तो मुलाच्या वडिलांच्या जुन्या गाडीखालून ते ओळखीचे दोन पाय. व्याही माझ्या मागोमाग बाहेर आलेले. मी मनातल्या मनात हे स्थळ सोडून दिलं. भाओजी बाहेर आले ते हसतच. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "ओरिजनल पाटे. आणि दर वर्षी ग्रीस गेलंय. ज्या घरात पाट्यांना दर वर्षी ग्रीस जातं ना, तिथं मुलीची आबाळ होणार नाही." पगार किती हे त्यांनी मला विचारून घेतलं, ताईला सांगायला लागेल म्हणून.

लग्न ठरल्यावर गुड्डीनं एकच मागणी केली. सासऱ्यांना, म्हणजे तिच्या आजोबांना, ती नाना म्हणते. "बाबा, पाठवणी नानांच्या गाडीतून. और कोई गाड़ी नहीं. आणि चलाओगे आप." भाओजी म्हणाले, "शब्द दिला." हा माणूस शब्द सहसा देत नाही, कारण दिला की तो पुरा होईपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. आणि ह्या शब्दात तर सगळंच आलं होतं. एकुलती एक लेक, सासऱ्यांची गाडी, आणि मांडवातून स्टेशनपर्यंतचा रस्ता, जिथून वऱ्हाड संध्याकाळच्या गाडीनं भोपाळला जाणार होतं. त्यांचं मिळून जे काही होतं ते तेवढंच. ते झपाटल्यासारखे कामाला लागले. इंजिन फिरलं, रंग झाला, गाद्या झाल्या. पानातला लाडू शेवटी खावा तसे पाटे त्यांनी शेवटी ठेवले होते, ग्रीस-मातीच्या जाड थराखाली गाडलेले होते तसेच.

एका दुपारी ते आमच्या घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जीपचे आहेत."

"कोण?"

"पाटे. बाबांच्या गाडीला जीपचे पाटे आहेत." सासऱ्यांचं दुसरं घर होतं असं सांगावं, तसा त्यांचा आवाज पडला होता.

मग मला शेडमध्ये नेऊन सगळं दाखवलं. असली पाट्याच्या पट्ट्यांची टोकं गोलसर कापलेली असतात, ह्यांची चौकोनी होती. असलीच्या मधल्या बोल्टाचं भोक बरोबर मधोमध नसतं, दोन बोटं पुढं असतं. ह्यांना भोकं दोन होती, एक जुनं जीपचं आणि एक आपल्या गाडीसाठी नंतर पाडलेलं. असलीच्या वरच्या लांब पट्टीवर त्या भोकाच्या दोन्ही अंगांना ठोकलेला नंबर असतो. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता. विलायतेतल्या एका म्हाताऱ्याकडे तशीच गाडी आहे, त्याच्याशी भाओजींची मोबाइलवर दोस्ती आहे. दोघांचं इंग्रजी एकमेकांना कळत नाही, म्हणून ते पाट्यांचे फोटो पाठवून बोलतात. त्या म्हाताऱ्यानं हुबेहूब नवे पाटे करवून पाठवायची तयारीही दाखवली. भाओजींना राग आला. "आज केलेला पाटा ओरिजनल कसा?" शेवटी त्यांनी जीपच्या पट्टीवर हातोडीचा टोला मारला, कान दिला आणि मला म्हणाले, "ऐका. हा आवाज आपल्या घरातला आहे का?" मला तो लोखंडाचा वाटला. मी नाही म्हणालो.

गुड्डी म्हणाली, "तो क्या हुआ बाबा? नानांनी भी तो यही चलाई होगी. लगे रहने दो ना."

"माझी मुलगी," भाओजी गरजले, "जीपच्या पाट्यांवर बसून सासरी जाणार नाही!"

झालं. लग्नघरात बाकीचे लोक हलवाई आणि घोडा शोधत होते तेव्हा नवरीचा बाप पाटे शोधत होता, आणि सोबत मी. ओरछा गेटजवळच्या एका भंगारवाल्याकडे आम्ही कमानींचा डोंगर उपसला. भाओजी एकेक पट्टी उचलत, टोक बघत, भोक बघत, बोटानं गंज घासत आणि मृताची ओळख पटत नसल्यासारखी मान हलवत. भंगारवाला बराच वेळ सोसत होता. शेवटी म्हणाला, "काए साब, कमानी में का असली, का नकली? बोझ उठाउत है, और का चानें?" भाओजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं आम्हाला उगाचच चहा पाजला.

मग कुणीतरी सांगितलं, की गरौठ्याकडे एका शेतकऱ्याकडे अश्शीच गोल पाठीची गाडी पडून आहे. गाडी होती. तिच्यात छतापर्यंत भुसा भरलेला होता आणि मालक प्रेमानं तिला 'कोठी' म्हणत होता. भाओजी तिच्याखाली गेले आणि लगेच बाहेर आले. मागची चाकं विटांवर होती. "कमानी कहाँ गई?" त्यांनी विचारलं. "ऊकी कमानी?" शेतकरी अभिमानानं म्हणाला, "ऊके तौ हँसिया बनवा लए, साब! ऐसो लोहा अब काँ धरो!" आणि त्यानं आतून एक विळा आणून दाखवला. इकडं खेड्यापाड्यांतले लोहार मोडक्या कमानीला सोन्यासारखी जपतात, कारण तिच्या पोलादाची धार लवकर जात नाही. भाओजींनी विळा हातात घेतला, नखानं वाजवला आणि डोळे मिटले. "ओरिजनल," ते हळूच म्हणाले. विळा परत केला आणि आम्ही रिकाम्या हातांनी झाशीला परतलो. इकडे ताईनं त्यांच्या नकळत भाड्याची एक पांढरी गाडी सांगून ठेवली होती आणि मला शपथ घातली होती. मला ते पोटात ठेवणं मुतखड्याइतकंच जड गेलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ताईकडे घरच्या बायका केळवणाची भाजी चिरायला जमल्या. सुरण, भोपळा, कच्ची केळी यांचे ढीग. माझी बायको आपल्या घरची विळी घेऊन गेली होती, कारण ताईची एक पुरणार नव्हती. दोघी बहिणी समोरासमोर बसून सुरण चिरत होत्या. भाओजी चहा मागायला आत आले आणि दारातच थांबले. मग जे त्यांनी कुठल्याही गाडीपुढं केलं असतं तेच केलं. उकिडवे बसले, एक हात जमिनीवर टेकला आणि मान तिरकी केली. जमलेल्या बायकांनी पदर सावरले. "अहो, काय करताय?" ताई ओरडली. त्यांनी तिच्या हाताखालची विळी ओढली, माझ्या बायकोची ओढली, आणि दोन्ही पाती जिथं लाकडी पाटात बसवलेली असतात तिथं अंगठ्यानं सुरणाचा चिकटा पुसला. ताईच्या पात्यावर तीन आकडे होते. माझ्या बायकोच्या पात्यावर उरलेले तीन. त्यांनी विळ्या शेजारी शेजारी लावल्या आणि नंबर मोठ्यानं वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"बाबांच्या गाडीचा पाटा बोल्टाच्या भोकापाशी मोडला होता ना," ताई म्हणाली, "तेव्हा आईनं दोन तुकड्यांच्या दोन विळ्या करून घेतल्या, आम्हा दोघींच्या लग्नात द्यायला. बाकीच्या पट्ट्यांची खुरपी झाली. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तू मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही पाटे शोधत होता. विळी कुठं मागितलीत?"

म्हणजे ज्या पाट्यासाठी आम्ही गरौठ्यापर्यंत धूळ खाल्ली, त्यावर हा माणूस जन्मभर चिरलेली भाजी खात होता, आणि अर्धी भाजी मी. मला हसू आवरेना. भाओजींना सुचलं ते भलतंच. दोन्ही पाती जोडून पुन्हा पाटा होईल का, असं काहीतरी ते पुटपुटले, तर माझी बायको आणि ताई एकदम म्हणाल्या, "हात लावून बघा!" सुरणाचे हात कोपरापर्यंत माखलेल्या दोन बहिणी, समोर दोन विळ्या. भाओजी उठले आणि चहा न घेताच शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेलो. ते गाडीच्या पायरीवर बसले होते. "ओरिजनल मिळाले," ते म्हणाले, "आणि शब्द गेला." मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता पांढऱ्या गाडीचं सांगून टाकावं. पण ताईची शपथ आठवली.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपातल्या आपल्या जुन्या सोबत्याकडे गेले. निवृत्तीनंतर त्यानं भट्टी टाकली होती. नवं पोलाद घेतलं, आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून पाटे केले. पट्ट्या लाल तापवून वाकवल्या, तेलात बुडवल्या, टोकं गोल केली, भोक दोन बोटं पुढं पाडलं. मी सहज विचारलं, "नंबर ठोकणार ना?" भाओजी म्हणाले, "खोटा नंबर? मुलीच्या गाडीवर?" आणि पट्टी कोरीच ठेवली. आज केलेला पाटा ओरिजनल कसा, हे त्यांना विचारायची छाती मला झाली नाही. विलायतेतल्या म्हाताऱ्याला त्यांनी फोटो पाठवला, त्यानं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. ताईनं पांढरी गाडी रद्द केली.

पाठवणी झाली. भाओजींनी फेटा बांधून सासऱ्यांची गाडी मांडवाच्या दारात आणली. मागं गुड्डी, जावई आणि पाठराखीण म्हणून तिची धिप्पाड आत्या. डिकीत सामान, माझ्या मांडीवर फराळाचे डबे. स्टेशनपर्यंतचा रस्ता मी ओळखतो, त्याच्यावर रिक्षात बसलं की दात वाजतात. त्या दिवशी एक खड्डा जाणवला नाही. गुड्डी रडत होती तरी तिचं रडणं हललं नाही. जावई म्हणाला, "बाबा, नई गाड़ी भी ऐसी नहीं चलती." भाओजींचा कान सारखा मागं होता. प्लॅटफॉर्मवर सगळे रडले, मीही रडलो. भाओजींनी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जावयाला म्हणाले, "ग्रीस वेळेवर." गाडी सुटली.

बाकीची मंडळी रिक्षांनी गेली आणि आम्ही दोघं गाडीतून निघालो. पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं छताला लागलं. दुसऱ्यात मागची बाजू अक्षरशः उडाली. डबे नसलेल्या माझ्या मांडीवर मीच येऊन पडलो.

"पाटे सैल झाले का हो?" मी विचारलं.

"नाही." पुढचा खड्डा त्यांनी चुकवला. "पाट्यांना कमान, म्हणजे बाक, भरल्या गाडीच्या हिशेबानं दिली होती. गुड्डीचं वजन, जावयाचं, आत्याचं, सामानाचं. सगळं धरलं होतं." आणखी एक खड्डा गेला. "परत येतानाचं धरलंच नाही मी."

चाळीस टनांच्या मालडब्याचे पाटे बसवणारा माणूस हे विसरला होता. त्यांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढून फेट्याच्या शेमल्यानं पुसला आणि रस्त्याकडे बघतच मला म्हणाले, "तुम्ही मागं जाऊन बसा."

मी मागं गेलो. सीटवर अक्षता पडल्या होत्या.

"कडेला नाही. जरा मधे. तिथं, गुड्डी होती तिथं."

मी मधे सरकलो. गाडी निघाली, पुन्हा एकदा उसळली. "आता कशी चालतेय?" मी विचारलं.

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तशीच," ते म्हणाले. "पण उठू नका. घरापर्यंत बसा."